मांद्रेचे डॉक्टर

रविवारी मिसा सुटल्यावर शेजारच्या बायांनी वॉर्डातल्या गटाराचा अर्ज मला लिहायला सांगितला, माझं मराठी बरं म्हणून. लिहिताना भाऊ दाजी आठवले. पेडण्यातल्या मांद्रे गावात जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड. मुंबईत शिकले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले, गरिबांना फुकट तपासू लागले. तेव्हा लोकांना मत कसलं? अर्ज करायचा, एवढंच हातात. १८५२मध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली, भाऊ तिचे एक चिटणीस. कारभाराविषयीचं गाऱ्हाणं त्यांनी थेट लंडनच्या पार्लमेंटकडे धाडलं! (आमचा अर्ज पालिकेपर्यंतच.) पुढे ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. १८७३मध्ये मुंबईत पालिकेची पहिली निवडणूक झाली. पुढच्याच वर्षी भाऊ गेले.