हरिश्चंद्रगडावर इंद्रवज्र बघणाऱ्या साईक्स साहेबाने मुंग्यांच्या एका जुन्या वादातही साक्ष दिली होती

पावसाळा सुरू झाला की इन्स्टाग्रामवर हरिश्चंद्रगडाची रील्स सुरू होतात. कोकणकडा, खालून वर येणारं धुकं आणि एखाद्याच नशीबवान ट्रेकरला दिसणारं गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र. त्याखाली कॅप्शन ठरलेलं असतं : १८३५ साली कर्नल साईक्सने हे इंद्रवज्र इथे पाहिलं होतं.

या वाक्यात एक गडबड आहे. १८३५ साली साईक्स भारतात नव्हताच. तो १८३१ मध्येच इंग्लंडला परत गेला होता. १८३५ हे त्याने इंद्रवज्राबद्दल लिहिलेला निबंध छापून आल्याचं वर्ष आहे. अकोले तालुक्यातल्या त्या कड्यावर तो उभा राहिला ते त्याच्या काही वर्षं आधी, आणि तेव्हा तो कर्नल व्हायचा होता.

मग हा माणूस गडावर करत काय होता? ट्रेकिंग तर नक्कीच नाही. तो सरकारी ड्युटीवर होता. आणि त्या ड्युटीच्या निमित्ताने त्याने दख्खनमधली हवा, माणसं, पिकं, पक्षी, मासे आणि मुंग्या अशी सगळ्यांची नोंद करून ठेवली.

विल्यम हेन्री साईक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. १८०३ मध्ये, म्हणजे आजच्या हिशोबाने आठवी-नववीच्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून भरती झाला. पंधराव्या वर्षी तो भरतपूरच्या वेढ्यात होता. १८१७ मध्ये खडकीला इंग्रज आणि दुसऱ्या बाजीरावाची फौज समोरासमोर आली, तेव्हा साईक्स इंग्रजांच्या बाजूने लढत होता. पेशवाई बुडवणाऱ्या फौजेतला हा माणूस, हे विसरून चालणार नाही. पुढचं सगळं काम त्यातूनच निघालं.

कारण मुलूख जिंकला तरी तो कसा आहे हे कंपनीला माहीत नव्हतं. जमीन कुणाची, कसते कोण, पिकतं काय, पाऊस किती, गावात घरं किती? सारा बसवायचा तर हे सगळं कळायला हवं. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ऑक्टोबर १८२४ मध्ये साईक्सला या कामावर नेमलं. हुद्दा होता स्टॅटिस्टिकल रिपोर्टर. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. त्यातला अहमदनगर म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, पण तेव्हा तो आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वणी-दिंडोरीपासून करमाळ्यापर्यंतचा पट्टा त्यात यायचा.

साईक्स कागद मागवून बसणारा अधिकारी नव्हता. तंबू, घोडा, माणसं आणि बॅरोमीटर घेऊन तो वर्षानुवर्षं फिरला. दिवसातून अनेकदा हवेचा दाब मोजायचा, लिहून ठेवायचा. यातून त्याला दिसलं की दख्खनमध्ये हवेचा दाब रोज ठरावीक वेळी चढतो आणि ठरावीक वेळी उतरतो : सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला जास्त, दुपारी चार-पाचच्या सुमाराला कमी. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी हवेलाही असते. इंद्रवज्राचं वर्णन आलंय ते याच हवामानाच्या निबंधात.

ते वर्णन भारी आहे. कड्याच्या टोकाशी धुकं, पाठीमागे सूर्य आणि समोर पूर्ण गोल इंद्रधनुष्य. अर्धं वर, अर्धं पायाखाली. त्या गोलाच्या मधोमध साईक्सची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. ही आपलीच सावली आहे यावर त्या माणसांचा विश्वास बसेना. त्यांनी हात हलवून बघितले, पाय हलवून बघितले, वेगवेगळ्या पोझ घेतल्या आणि समोरच्या आकृत्याही तशाच हलतात म्हटल्यावर कुठे खात्री पटली. (आजही गडावर लोक नेमकं हेच करतात, फक्त हातात मोबाईल असतो.) साईक्सच्या अंदाजाने त्या गोलाचा व्यास फार तर ५०-६० फूट होता.

यात चमत्कार काही नाही. इंद्रधनुष्य मुळात गोलच असतं, पण सपाट जमिनीवर उभं राहिलं की खालचा भाग जमीन खाऊन टाकते. उंच कड्यावर तुमच्या पायाखालीही धुकं असतं, त्यामुळे उरलेला अर्धा गोलही दिसतो. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून सूर्य पूर्वेला हवा आणि धुकं समोर.

आता मुंग्यांकडे येऊ. सोशल मीडियावर साईक्सचं हे काम सहसा दिसत नाही, पण त्याच्या नावावरची सगळ्यात मजेदार गोष्ट हीच आहे.

मुंगी उन्हाळ्यात दाणे साठवते आणि अडचणीच्या दिवसांत खाते, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इसापनीतीत आहे, बायबलमध्येही मुंगीच्या या शहाणपणाचा उल्लेख आहे. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या कीटक अभ्यासकांनी आपल्याकडच्या मुंग्या तपासल्या आणि निकाल दिला की हे सगळं खोटं. थंड प्रदेशातली मुंगी हिवाळ्यात गारठून पडते, ती दाणे साठवेल कशाला? जुन्या लोकांनी मुंग्यांची अंडी-कोष बघितले असतील आणि त्यांना धान्य समजले असतील, असं स्पष्टीकरणही तयार झालं. अडचण एवढीच होती की हे सांगणारे उत्तर युरोपातले होते. गोष्टी जन्मल्या त्या गरम प्रदेशात. तिथल्या मुंग्या कुणी नीट पाहिल्याच नव्हत्या.

जून १८२९. साईक्स पुण्यात सकाळी फिरायला निघाला होता. परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. वीसेक तरी असतील, प्रत्येकात मूठभर बी. वाकून पाहिलं तर शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून एकेक दाणा वर आणून ठेवत होत्या. बी होतं वरीच्या जवळच्या एका रानगवताचं. हे गवत पिकतं जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे मुंग्यांनी ते चार-पाच महिने साठवून ठेवलं होतं. पहिल्या पावसात कोठार भिजलं आणि ऊन पडताच त्यांनी बी वाळवायला बाहेर काढलं. आपल्याकडे घरात ओल आली की गच्चीवर धान्य पसरतात, अगदी तसंच.

एकदा पाहिलं आणि लिहून टाकलं असं त्याने केलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस गडगडाट करून गेल्यावर, तो पुन्हा पाहायला गेला. मुंग्या पुन्हा त्याच कामात होत्या.

या मुंगीला त्याने नाव दिलं ‘अट्टा प्रोव्हिडेन्स’. लॅटिनमध्ये प्रोव्हिडेन्स म्हणजे पुढचा विचार करणारी. लंडनच्या कीटकशास्त्र सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, १८३५ मध्ये, त्याचा भारतीय मुंग्यांवरचा निबंध आला. त्यात आणखी दोन नावं होती.

एक ‘फॉर्मिका इन्डेफेसा’, म्हणजे न थकणारी. ही आपल्या घरातल्या मुंगळ्यांच्या जातीतली. साईक्सच्या घरी व्हरांड्यात एका टेबलावर फळं, केक, मुरंबे ठेवलेले असत. मुंगळे येऊ नयेत म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत. तरी मुंगळे आले. मग पायांना टर्पेंटाईन लावलं, टेबल भिंतीपासून थोडं सरकवलं. काही दिवस शांतता. आणि मग साईक्सने पाहिलं की एक मुंगळा भिंतीवर टेबलापेक्षा फूटभर वर चढला, तिथून उडी टाकली आणि थेट मिठाईत. ही गोष्ट पुढे प्राण्यांच्या बुद्धीवरच्या पुस्तकांत अनेकदा सांगितली गेली. मुंगळ्याने खरंच हिशोब करून उडी मारली की तो पडला आणि योग्य जागी पडला, यावर वाद घालायला जागा आहे. साईक्सची खात्री होती.

दुसरी ‘मिर्मिका किर्बी’, इंग्लंडमधला मोठा कीटकतज्ज्ञ विल्यम किर्बी याच्या नावाने. ही झाडावर घर बांधते, तेही शेणाचं. शेणाचे पातळ थर कौलांसारखे एकावर एक, जेणेकरून पाऊस आत जाऊ नये. सह्याद्रीत फिरताना झाडाच्या फांदीवर काळपट गोळ्यासारखं काही लटकताना दिसतं, ते अशाच मुंग्यांचं घर असतं. दगड मारू नका, पश्चात्ताप होईल.

नवी जात म्हणजे काय, हेही इथेच समजून घेऊ. ती जात तिथल्या लोकांना आधीपासून माहीत असतेच. कुणीतरी तिचं नेमकं वर्णन छापतं, लॅटिन पद्धतीचं नाव देतं, तेव्हा ती विज्ञानासाठी ‘नवी’ ठरते. त्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचं आडनाव आणि साल लागतं. साईक्सच्या बाबतीत मजा अशी की लॅटिन नावांत त्याने मराठी शब्द बिनधास्त घुसवले. १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात एका चंडोलाला ‘देवा’ आणि एका छोट्या वटवट्याला ‘रामा’ नाव दिलं. एका रातव्याला ‘महारॅटेन्सिस’. दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा मुळा-मुठेतला महाशीर ‘खुदरी’ झाला, आणखी मासे ‘बोगट’, ‘मल्ल्या’, ‘नुकटा’ झाले. रानकुत्र्याबद्दल लिहिताना ‘कोळसून’ हा शब्दही त्याने नोंदवला.

म्हणजे नावं कुणीतरी त्याला सांगितली होती. जाळं टाकणारा भोई, गडावर वाट दाखवणारा कोळी, रानातून पक्षी आणणारा माणूस. प्रजातींच्या नावांत त्यांचे शब्द राहिले, पण आडनाव लागलं साईक्सचं.

डिसेंबर १८२९ मध्ये कंपनीने त्याचं पदच रद्द केलं. काम अर्धवट होतं. साईक्सने ते सोडलं नाही. जानेवारी १८३१ पर्यंत पुरं केलं आणि मगच जहाज पकडलं. त्याच वर्षी तो लेफ्टनंट कर्नल झाला, १८३३ मध्ये लष्करातून निवृत्त. गोळा केलेले नमुने लंडनला कंपनीच्या संग्रहालयात गेले. १८३४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकीही एक.

पुढचं आयुष्य इंग्लंडमध्येच गेलं. १८४० मध्ये तो कंपनीचा संचालक झाला, नंतर अध्यक्ष. १८५७ पासून मरेपर्यंत ॲबरडीनचा खासदार. मध्येच चीनमधल्या तायपिंग बंडखोरांची बाजू घेऊन पुस्तक लिहिलं, ज्याची त्याच्या पक्क्या कंपनीवाल्या प्रतिमेशी काही संगती लागत नाही. १६ जून १८७२ रोजी त्याचं निधन झालं.

पुढच्याच वर्षी जॉन ट्रॅहर्न मोग्रिज या तरुण इंग्रज अभ्यासकाचं पुस्तक आलं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याने वारुळं खणून, आतली बियांनी भरलेली कोठारं उघडून पाहिली होती. मुंग्या दाणे साठवतात हे मग युरोपनेही मान्य केलं. आपल्या आधी हे कुणी पाहिलं हे सांगताना मोग्रिजने ज्यांची नावं घेतली, त्यात पुण्याच्या परेड ग्राउंडवर वाकून मुंग्या बघणारा साईक्स होता.