भारत मोजणारे लॅम्बटन

मुलांनो, एव्हरेस्ट शिखर तुम्ही नकाशात पाहिले असेल. त्याची उंची ज्या मोजणीतून कळली, ती सुरू करणारे विल्यम लॅम्बटन नागपूरला येताना वाटेत वारले, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

१८०२ साली त्यांनी मद्रासजवळ साखळीने सुमारे बारा किलोमीटरची रेषा मोजली. तिच्या आधारे त्रिकोणाला त्रिकोण जोडीत त्यांनी दक्षिण भारत मोजला. कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र जवळजवळ पाचशे किलोचे होते. १८०८ साली तंजावरच्या देवळावर ते चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याची तबकडी वाकली. दुसरे यंत्र विलायतेहून कधी येणार? लॅम्बटन तंबूत बसले आणि सहा आठवडे खपून त्यांनी तबकडी पुन्हा सरळ केली!

रानावनात, तापाच्या साथीत वीस वर्षे गेली. सत्तरीच्या सुमारास ते हैदराबादहून नागपूरला निघाले. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. हिमालय अजून फार दूर होता.

पुढे त्यांचे मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यांनी त्रिकोण हिमालयाच्या पायथ्याजवळ नेले. १८५६ साली शिखराची उंची जाहीर झाली: २९,००२ फूट. शिखराला नाव मात्र एव्हरेस्ट यांचे मिळाले.