मुक्या जिवांचे कैवारी

सोलापूरपासून जवळच होटगी हे रेल्वेचे जंक्शन आहे. गदग आणि विजापूर या भागांकडून येणारा लोहमार्ग येथे मुख्य मार्गास मिळतो. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत कर्नाटकातील कित्येक भाविक होटगीवरून सोलापूर, कुर्डुवाडी या वाटेने पंढरपुरास जातात. कोणी मराठी बोलतो, कोणी कानडी. परंतु सर्वांचे चित्त एका विठ्ठलाकडे लागलेले असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंढरपुरी येणाऱ्या यात्रेकरूंना चंद्रभागेच्या वाळवंटात एक विलक्षण पुरुष दिसे. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, जवळ मडक्याचे एक खापर आणि हातात खराटा. लोक दर्शनासाठी धावत असता हा पुरुष वाळवंटातील घाण झाडून दूर टाकीत असे. रात्र झाली की तोच पुरुष कीर्तनास उभा राही आणि हजारो माणसे त्याच्या शब्दाशब्दाने कधी हसत, तर कधी डोळे पुशीत. हेच संत गाडगेबाबा होत.

स्वच्छतेचा उपदेश करणारे संत म्हणून बाबांना सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु त्यांनी आयुष्यभर आणखी एक झुंज दिली. ती होती देवाच्या नावाने मुक्या प्राण्यांचे बळी देण्याच्या रूढीविरुद्ध. विठ्ठलाला तुळस आणि बुक्का पुरतो. मात्र वारीला येणारे सर्वच लोक काही माळकरी नसत. पंढरीत तुळस वाहणाऱ्यांपैकी कित्येक जण गावी परतल्यावर ग्रामदेवतेच्या जत्रेत बोकड कापीत. ही विसंगती बाबांच्या मनाला फार डाचत असे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी कष्टाळू होते. परंतु त्यांना दारूचे व्यसन जडले. त्या काळी अनेक घरांत देवाच्या नावाने बोकड कापून जेवणावळी घालण्याची चाल होती, आणि अशा जेवणावळींत मांसाबरोबर दारूही येत असे. धर्माचे निमित्त असल्यामुळे तिला नावे ठेवण्यास कोणी धजत नसे. व्यसनाने झिंगराजींचे शरीर खंगले आणि संसार धुळीस मिळाला. डेबू सुमारे आठ वर्षांचा असतानाच पित्याचे छत्र हरपले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आपल्या माहेरी आली.

मामाच्या घरी डेबूकडे गुरे राखण्याचे काम आले. ते काम त्याने मोठ्या आवडीने केले. पहाटे उठून तो गोठा झाडी, गुरांना नदीवर नेऊन धुऊन काढी आणि दिवसभर रानात त्यांची राखण करी. पाटीपुस्तक त्याच्या वाट्याला कधी आले नाही. परंतु मुक्या जनावराला भूक, तहान, भीती आणि वेदना माणसासारखीच असते, हा धडा त्याला रोजच्या सहवासातून मिळाला. पुढे तो शेतीतही तरबेज झाला.

दापुऱ्याच्या या दिवसांतच त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. सावकाराचे कर्ज गरीब शेतकऱ्याला कसे गिळून टाकते, ती ही गोष्ट. कर्जापायी मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणाला वाचता आले नाही, म्हणून हे संकट ओढवले. अज्ञान, कर्ज आणि रूढी या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, हे डेबूजींच्या तेव्हापासूनच ध्यानात येऊ लागले.

बळी देण्याच्या रूढीत या तिन्ही गोष्टी एकत्र येत. घरात कोणी आजारी पडले की देवीला बोकडाचा नवस बोलला जाई. घरातील मुलेच त्या बोकडाला पाला घालून वाढवीत. जत्रेच्या दिवशी त्याच्या गळ्यात हार घालून त्याला देवळापुढे नेत. अंगावर पाणी शिंपडल्यावर ते भेदरलेले जनावर थरथरले, म्हणजे देवाने बळी स्वीकारला असे लोक मानीत. मग सोयऱ्याधायऱ्यांना जेवण घालावे लागे. जवळ पैसा नसला तर पुढील पीक गहाण ठेवून सावकाराकडून तो आणावा लागे. अशा रीतीने बोकडाचा जीव जाई, घर कर्जात बुडे आणि आजाऱ्याला औषध मात्र मिळतच नसे.

डेबूजींनी या रूढीला पहिला विरोध केला तो आपल्याच घरी. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांना मुलगी झाली, तेव्हा बारशाला मांस आणि दारू यांचे जेवण देण्याची जातीतील रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि पाहुण्यांना गोड जेवण वाढले. नातलगांना ही गोष्ट रुचली नाही. आपल्याच माणसांचा रोष पत्करणे हे परक्यांशी भांडण्याहून अवघड असते. परंतु जे लोकांना सांगावयाचे ते प्रथम आपण आचरावे, हा नियम डेबूजींनी त्या दिवशी पाळला आणि पुढे तो कधीही सोडला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घराचा त्याग केला. गावोगाव फिरावे, दिसेल ते काम करावे आणि मिळेल ती भाकरी मडक्याच्या खापरात घेऊन खावी, असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोठे गोधडेबुवा हे नाव रूढ झाले. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यात मोठी यात्रा भरते. नदीत उतरताना यात्रेकरूंचे फार हाल होत, हे पाहून बाबांनी खटपट केली आणि १९०८ साली तेथे घाट बांधला गेला. हा साधू बोलतो तसे काम करून दाखवितो, अशी लोकांची खात्री पटू लागली.

ही खात्री हेच बाबांचे सर्वांत मोठे बळ होते. त्यांच्या पाठीशी सत्ता नव्हती की संपत्ती नव्हती. बळीची रूढी मोडणे तर फार कठीण काम होते. नवस फेडला नाही तर देवीचा कोप होईल आणि घरातील मूल दगावेल, अशी भीती लोकांच्या मनात खोल रुजलेली होती. ज्याच्या मनात भीती आहे त्याला रागावून काही साधत नाही, हे बाबा पुरते जाणून होते. म्हणून बळी देणाऱ्या माणसाला त्यांनी कधी आपला शत्रू मानले नाही.

बाबांची कामाची एक ठरलेली पद्धत होती. गावात पाऊल ठेवताच ते कोणाशी न बोलता खराटा घेऊन रस्ते आणि देवळापुढील अंगण झाडू लागत. गावकऱ्यांना आरंभी नवल वाटे, मग लाज वाटे, आणि हळूहळू एकेक जण त्यांच्या बरोबरीने झाडू लागे. दिवसभर बरोबर काम केलेले लोक रात्री कीर्तनाला आवर्जून येत. त्यामुळे बाबा बोलावयास उभे राहत तेव्हा समोर परके श्रोते नसत. दिवसभराचे सोबतीच बसलेले असत.

कीर्तनात बाबा संतांच्या अभंगांचा आधार घेत. तुकोबांचे अभंग तर त्यांच्या मुखी सदैव असत. भाषा मात्र साधी वऱ्हाडी असे. ते उपदेश करण्यापेक्षा प्रश्न अधिक विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. देव सर्वांचा मायबाप आहे की नाही, असे ते विचारीत. सर्व जण होकार देत. मग जो सर्वांचा मायबाप आहे तो आपल्याच एका लेकराचा जीव दुसऱ्या लेकराकडून मागून घेईल काय, असा त्यांचा पुढचा प्रश्न येई. सभा स्तब्ध होई. कर्ज काढून सण आणि नवस करू नका, असे ते कळकळीने विनवीत. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खावी, परंतु मुलाला शिकविल्यावाचून राहू नये, हे तर त्यांचे आवडते सांगणे होते. बोकडावर आणि दारूवर उधळला जाणारा पैसा शाळेच्या कामी आला तर घर वर येईल, हा हिशेब अडाणी माणसालाही पटत असे.

रूढी मोडताना माणसाची श्रद्धा मोडणार नाही, याचीही बाबांनी काळजी घेतली. यात्रा भराव्या, लोकांनी एकत्र यावे, भजन करावे, हे त्यांना मान्यच होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, देवाच्या दारी कोणाच्या गळ्यावर सुरी फिरू नये आणि त्याच दारी कोणी उपाशी राहू नये. म्हणून मोठमोठ्या यात्रांत त्यांनी आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नदान चालविले. भुकेलेल्याच्या मुखी पडलेला घास हाच खरा नैवेद्य, ही गोष्ट त्यांनी डोळ्यांपुढे उभी करून दाखविली.

या निष्ठेची फार कठोर परीक्षा १९२३ साली झाली. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता बाबांचा एकुलता एक मुलगा गोविंद वारल्याची वार्ता आली. मूल गेले की देव कोपला असे मानणारे अनेक लोक त्या काळी होते. बाबांनी शोक आवरला आणि कीर्तन पुढे चालविले. मृत्यू कोणाला चुकत नाही आणि बोकड देऊन तो परतविता येत नाही, हे सत्य जो माणूस इतरांना सांगत होता, त्याने ते स्वतःच्या दुःखातही ढळू दिले नाही.

या अखंड परिश्रमाला फळेही आली. १९३१ साली वरवंडे येथे बाबांच्या प्रबोधनामुळे पशुहत्या बंद झाली. तेथे दंडुका चालला नाही की दंडाची भीती घालावी लागली नाही. लोकांच्या मनाने घेतले, म्हणून हाताने सुरी खाली ठेवली.

प्राण्याला मरणातून सोडविले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मात्र बाबांनी मानले नाही. त्याला चारापाणी कोण देणार, हा प्रश्न उरतोच. मूर्तिजापूर येथे त्यांनी धर्मशाळा आणि विद्यालय यांच्याबरोबर गोरक्षणाचेही कार्य उभे केले. माणसांसाठी निवारा, मुलांसाठी शाळा आणि गुरांसाठी गोठा या तिन्ही गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकाच दयेच्या तीन शाखा होत्या. पंढरपूर येथे १९१७ साली त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, तीही याच भावनेने. ज्यांना जातीमुळे कोठेही थारा मिळत नसे, अशा यात्रेकरूंना तेथे हक्काचे छप्पर मिळाले. पुढे ही वास्तू बाबांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस देऊन टाकली.

लाखो रुपयांच्या धर्मशाळा आणि शाळा उभारूनही बाबांनी त्यांत स्वतःसाठी एक खोली ठेवली नाही. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत आणि पाया पडणाऱ्यांना दूर सारीत. आपल्यामागे कार्य चालू राहावे म्हणून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन ही संस्था स्थापन झाली. बाबांचा दहा कलमी संदेश प्रसिद्ध आहे. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा अशी कर्तव्ये सांगत असतानाच मुक्या प्राण्यांना अभय द्यावे, हेही त्यांनी त्यांत निक्षून सांगितले आहे. माणसावर दया करणारा मनुष्य प्राण्यावर निर्दय होऊ शकत नाही, हाच या संदेशाचा आशय आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांची प्राणज्योत मालवली. शेवटचा प्रवासही लोकांमध्ये फिरत असतानाच संपला.

त्यानंतर चार वर्षांनी, १९६० साली, प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतात झाला. जनावरांना मारहाण करणे, उपाशी ठेवणे, त्यांच्यावर अतिरिक्त भार लादणे हे गुन्हे ठरले. तथापि धर्माच्या रीतीप्रमाणे केलेला वध त्या कायद्याने गुन्हा मानला नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचला नाही, तेथे माणसाच्या विवेकालाच हाक घालावी लागते. बाबांनी ती हाक कायद्याच्या कितीतरी आधी, हाती केवळ एक खराटा घेऊन, गावोगाव घातली होती.

आज अनेक गावांच्या जत्रांत बोकडाऐवजी नारळ फुटतो किंवा पुरणपोळीचा नैवेद्य दाखविला जातो. काही ठिकाणी जुनी चाल अजूनही टिकून आहे. ती बदलू पाहणाऱ्याने बाबांचे स्मरण ठेवावे. प्रथम आपले घर सुधारावे, मग लोकांच्या कामात हात घालावा, त्यांच्या भीतीची कुचेष्टा न करता त्यांना विचार करावयास लावावे आणि जे वाईट म्हणून काढून टाकावयाचे त्याच्या जागी काही चांगले द्यावे. एका निरक्षर गुराख्याने महाराष्ट्राला शिकविलेला हा पाठ आहे.