चिनी अक्षरांतून बुद्धवचन शोधणारे प्रबोधचंद्र बागची



ज्या भूमीत भगवान बुद्धांनी पंचेचाळीस वर्षे उपदेश केला, त्याच भूमीतून त्यांच्या धम्माचे कितीतरी ग्रंथ नाहीसे झाले, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? ते शोधण्यासाठी चिनी भाषेचा विद्यार्थी झालेल्या एका भारतीयाची ओळख करून घ्या.

प्रबोधचंद्र बागची यांचा जन्म १८९८ साली, आज बांगलादेशात असलेल्या जेसोर भागात झाला. १९२० साली कलकत्ता विद्यापीठातून ते एम्. ए. झाले व तेथेच शिकवू लागले. पदवी व नोकरी मिळाली म्हणून त्यांचे शिकणे थांबले नाही. १९२१ साली फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही शांतिनिकेतनात आले, तेव्हा कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी बागचींना चिनी व तिबेटी शिकण्यासाठी त्यांच्याकडे पाठविले.

हे शिक्षण सोपे नव्हते. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. हजारो चिन्हे एकेक करून पाठ करावी लागतात. त्यात भारतीय नावे चिनी उच्चारात बदलतात. बुद्धाचे 'फो' होते. अशा नावामागचे मूळ नाव ओळखण्यास दोन्ही भाषा याव्या लागतात. बागची गुरूंबरोबर नेपाळात गेले, पुढे पॅरिसच्या विद्यापीठात शिकले आणि १९२६ साली तेथील डॉक्टरेट घेऊन परतले.

या श्रमांचे फळ काय? चीनमध्ये कोणत्या भिक्षूंनी कोणते बौद्ध ग्रंथ भाषांतरित केले, याचा वृत्तांत त्यांनी फ्रेंच भाषेत दोन खंडांत लिहिला. पहिला खंड १९२७ साली निघाला, दुसरा १९३८ साली. अशा भाषांतरांचे मोल एका उदाहरणावरून समजून घ्या. अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'चा निम्माच भाग संस्कृतात उरला आहे. सारनाथच्या पहिल्या उपदेशापासून महापरिनिर्वाणापर्यंतची कथा चिनी आणि तिबेटी भाषांतरांनी राखली. आपल्या देशाने गमावलेले परक्या देशाने सांभाळले!

१९४५ साली बागची शांतिनिकेतनात चिनी अध्ययनाचे प्रमुख झाले. १९४७ साली भारत सरकारने त्यांना पेकिंग विद्यापीठात पाठविले. जेथली भाषा ते शिकले होते, तेथे त्यांनी भारताचा इतिहास शिकविला. १९५४ साली ते विश्वभारतीचे कुलगुरू झाले. जानेवारी १९५६ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा सुमारे नऊ महिने अवकाश होता.

वाचकहो, आपल्याला अनेक पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले. म्हणून तुमच्या घरातील मुलाने किंवा मुलीने पाली, तिबेटी वा चिनी शिकण्याची इच्छा धरली, तर पोटाला काय मिळणार एवढेच विचारून तिला परत फिरवू नका. दुसऱ्याने सांगितलेल्या बुद्धावर विसंबण्यापेक्षा मूळ ग्रंथ स्वतः वाचणारी माणसे आपल्या घरांतूनही निघाली पाहिजेत.