चंद्राचे डोंगर पाहणारा शिक्षक : गॅलिलिओ



चंद्राच्या कला शिकवताना आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, चंद्रावरचा ससा खरा असतो का? तेव्हा मी मुलांना ज्या माणसाची गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगतेय.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतल्या पिसा शहरात झाला. वडील संगीतकार. मुलाने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण गणिताच्या ओढीने त्याने ते शिक्षण अर्धवट सोडलं. १५९२ पासून तो पादुआच्या विद्यापीठात गणित शिकवू लागला. घरची जबाबदारी मोठी आणि पगार अपुरा, म्हणून घरी शिकवण्याही घ्यायचा. म्हणजे बघा, आपल्याच पेशातला माणूस!

१६०९ मध्ये त्याच्या कानावर आलं, की हॉलंडमध्ये दूरचं जवळ दाखवणारी नळी तयार झाली आहे. त्याने स्वतः भिंगं घासून तशी नळी बनवली आणि सुधारत सुधारत वीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण तयार केली. ३० नोव्हेंबर १६०९ च्या सुमारास ती चंद्राकडे वळवली.

त्या काळी चंद्र म्हणजे अगदी गुळगुळीत गोळा, असं विद्वान मानत. गॅलिलिओला मात्र उजेड आणि अंधार यांच्या मधली रेघ वाकडीतिकडी दिसली. अंधाराच्या भागातही काही ठिपके चमकत होते. तो चित्रकला शिकलेला होता, सावल्यांची भाषा त्याला कळत होती. त्याने ओळखलं, की ही डोंगरांची टोकं आहेत. पहाटे आपल्याकडे आधी डोंगरमाथा उजळतो आणि पायथ्याचं गाव अजून अंधारात असतं, तसंच! ठिपका त्या रेघेपासून किती लांब आहे यावरून त्याने डोंगराच्या उंचीचं गणितही मांडलं. मार्च १६१० मध्ये चित्रांसह हे सगळं छापून आलं आणि युरोपभर खळबळ उडाली.

पुढे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मांडल्याबद्दल १६३३ मध्ये त्याच्यावर धर्मन्यायालयात खटला चालला. आयुष्यभरासाठी नजरकैद झाली. पुढच्याच वर्षी लाडकी मुलगी वारली. नजरही अधू होत चालली होती. तरीही १६३७ मध्ये त्याने चंद्राची एक नवी गोष्ट टिपली. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते खरी, पण तो किंचित डोलतो, त्यामुळे कडेचे डाग कधी आत सरकतात, कधी बाहेर. या डोलण्यामुळे काळाच्या ओघात आपल्याला चंद्राचा सुमारे ५९ टक्के भाग पाहायला मिळतो. थोड्याच दिवसांत, १६३८ च्या सुरुवातीपर्यंत, तो पूर्ण आंधळा झाला. ८ जानेवारी १६४२ रोजी त्याचं निधन झालं.

त्या पहिल्या चित्रांनंतर बरोबर ४०० वर्षांनी, २००९ मध्ये, नासाचं लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान चंद्राभोवती फिरू लागलं. ते सेकंदाला २८ वेळा लेसरचे झोत सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजतं. त्या माहितीवरून नासा दरवर्षीच्या चंद्रकलांचं चलचित्र बनवते. त्यात सावल्या दिसतात आणि चंद्राचं ते डोलणंही! वर्गात एकदा नक्की दाखवा.

त्याआधी एक सोपी कृती करून घ्या. परातीत ओल्या मातीचे डोंगर-खड्डे करा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च आधी वरून, मग बाजूने धरा. वरून धरला की सगळं सपाट वाटतं. बाजूने धरला की लांब सावल्या पडतात. चंद्राचे डोंगर पौर्णिमेपेक्षा अष्टमीला का ठळक दिसतात, ते मुलं आपणहून सांगतील.

आणि हो, ससा खरा नाही, ती गडद लाव्हाची सपाट मैदानं आहेत. पण आपल्या मुलांनी तो प्रश्न विचारलाच पाहिजे. डोळ्यांना दिसेनासं होईपर्यंत चंद्राला प्रश्न विचारणाऱ्या एका शिक्षकाची गोष्ट त्यांना तेव्हाच आपली वाटेल.