भीमेतल्या माशांची मराठी नावं थेट लंडनला पोहोचवणारा कर्नल साईक्स

डोंगरातल्या थंड ओढ्यात गळ टाकून ट्राऊट पकडायचा, हा इंग्रजांचा जुना छंद. भारतात आल्यावरही तो सुटला नाही. त्यांनी ट्राऊट आणून निलगिरी आणि काश्मीरच्या ओढ्यांमध्ये सोडला. सोलापूरकडे मात्र हे जमणं शक्यच नव्हतं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथं ट्राऊट जगणार कसा?

पण सोलापूरच्या भीमेला ट्राऊटची गरजही नव्हती. या खोऱ्यात महाशीर होता. स्वच्छ, वाहत्या पाण्याचा, पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढणारा आणि गळाला लागला की घाम फोडणारा मासा. दख्खनच्या या महाशीरची शास्त्रात नोंद केली ती विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने.

साईक्सचा जन्म 1790 चा. लहान वयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाला. 1817 मध्ये खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरोधात लढला. म्हणजे ज्या मुलखाचा पुढे त्याने अभ्यास केला, तो जिंकणाऱ्यांपैकीच तो एक होता. पण इतर अधिकाऱ्यांपेक्षा त्याच्याकडे एक गोष्ट जास्त होती. त्याला मराठी येत होती.

1824 मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. लोकसंख्या, शेती, पाऊस, जमीन अशी सगळी मोजदाद करायची होती. कंपनीला महसुलासाठी आकडे हवे होते. साईक्सने आकडे तर जमवलेच, सोबत पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवायला सुरुवात केली.

मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड आणि भीमा या नद्यांतले मासे त्याने तपासले. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीरला त्याने नाव दिलं खुद्री. इंद्रायणीतल्या एका माशाच्या तोंडावर उंचवटा असतो, त्यामुळे त्याचं नाक बसकं दिसतं. नाव पडलं नकटा. आणखी एक झाला कोळस. ही नावं साईक्सच्या डोक्यातून आलेली नव्हती. नदीकाठची माणसं माशांना जे म्हणायची, तेच त्याने इंग्रजी वळणाने लिहून शास्त्रीय नाव केलं.

सगळीच नावं अशी नव्हती. भीमेकाठच्या पेडगावात मिळालेल्या एका माशाला त्याने लंडनच्या प्राणीशास्त्रज्ञ व्हिगर्सचं नाव दिलं.

मध्येच कामावर गदा आली. डिसेंबर 1829 मध्ये सरकारने त्याचं पदच रद्द केलं. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून पलटणीत परतला असता. साईक्सने लष्करी कामावरून रजा घेतली आणि जानेवारी 1831 पर्यंत थांबून काम पूर्ण केलं. मग तो इंग्लंडला गेला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध 1839 मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीसमोर आला आणि 1841 मध्ये सविस्तर छापला गेला.

पुढे साईक्स मोठ्या पदांवर गेला. 1856 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. 1857 पासून शेवटपर्यंत ॲबर्डीनचा खासदार होता. लंडनच्या सांख्यिकी सोसायटीचंही अध्यक्षपद त्याने भूषवलं. 16 जून 1872 रोजी त्याचं निधन झालं. आज माळरानावर दिसणाऱ्या एका चंडोलाला इंग्रजीत त्याचंच नाव आहे.

शास्त्राच्या नियमाप्रमाणे खुद्री आणि नकटा यांच्या पुढे शोधकर्ता म्हणून साईक्सचंच नाव लागतं. ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे मासे पकडले, ओळखले आणि त्यांना नावं दिली, त्या भोई आणि कोळ्यांचं नाव तिथं नाही. त्यांचा शब्द तेवढा राहिला.

आता प्रश्न माशांचाच आहे. साईक्सने पालथ्या घातलेल्या या सगळ्या नद्यांचं पाणी भीमेतून उजनीत येतं. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने सोलापूर जिल्ह्याची शेती बदलली. पण महाशीरसारख्या माशांना वाहतं पाणी आणि वर चढायला मोकळी वाट लागते. धरणं आणि शहरांचं सांडपाणी यांनी नेमकं तेच हिरावलं. उजनीच्या बाजारात आज बोलबाला आहे तो चिलापीचा, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या तिलापियाचा. नकटा धोक्यात आलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत गेलाय. खुद्रीचं नशीब जरा बरं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या धरणावर 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून पाण्यात सोडली जातात.

साईक्सने केलेल्या नोंदींचा आज खरा उपयोग इथंच आहे. जवळपास 200 वर्षांपूर्वी या खोऱ्यात कोणते मासे होते, याची यादी हातात आहे. त्यातले किती उरलेत, हे जाळं टाकून बघता येतं.