हिवाळ्यात फुललेली कुमुदिनी

नाशिककडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पौषातील पहाटे सातपूरच्या रस्त्यांवर माणसे कानांना उपरणे गुंडाळून चालतात, आणि निफाडकडे तर पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा वेळी द्राक्षबागाईतदार रात्री जागून बागेत शेकोट्या पेटवितात. तळ्यातील कमळासाठी मात्र कोणी शेकोटी करीत नाही. त्याची पाने पिवळी पडून पाण्यात विरून जातात. कंद तळच्या चिखलात निजून राहतो आणि उन्हाचा जोर वाढला की पुन्हा अंकुर धरतो. पण ज्या देशात तळ्याचे पाणीच गोठून जाते, तेथे उष्ण प्रदेशातील पाणवनस्पती कशी जगवावी? हा प्रश्न ज्याने सोडविला तो कोणी शास्त्री-पंडित नव्हता. तो एका बागेचा माळी होता. त्याचे नाव जोसेफ पॅक्स्टन.

पॅक्स्टनचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्लंडमधील मिल्टन ब्रायन या खेड्यात झाला. तो एका शेतकऱ्याचा सातवा मुलगा. घरची स्थिती बेताची असल्याने त्याला फारसे शिक्षण मिळाले नाही, आणि कोवळ्या वयातच तो बागकामाला लागला. १८२३ साली लंडनजवळील चिझिक येथे उद्यानविद्या मंडळाच्या बागेत त्याला जागा मिळाली. तेथील नोंदवहीत त्याने आपले जन्मसाल १८०१ असे लिहिले. वय दोन वर्षांनी वाढवून सांगणे काही योग्य नव्हे. पण त्या तरुणाला त्या जागेची निकड किती होती, हे मात्र त्यावरून दिसते.

या बागेला लागूनच डेव्हनशायरच्या ड्यूकचा वाडा होता. ड्यूक म्हणजे इंग्लंडमधील मोठा सरदार. हा ड्यूक अपार श्रीमंत, अविवाहित आणि काहीसा बहिरा होता. बागेत फिरताना तो या तरुणाशी बोले. पॅक्स्टनचे उच्चार स्पष्ट असत आणि विचारलेल्या गोष्टीचे तो नेमके उत्तर देई. १८२६ साली ड्यूकने त्याला चॅट्सवर्थ येथील आपल्या विस्तीर्ण बागेचा मुख्य माळी नेमले. तेव्हा पॅक्स्टनला तेविसावे वर्ष चालू होते.

चॅट्सवर्थमधील त्याच्या पहिल्या सकाळची हकीकत पुढे त्यानेच लिहून ठेवली आहे. ९ मे १८२६ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास तो तेथे पोहोचला. फाटक बंद होते. दार उघडण्याची वाट न पाहता तो भिंत चढून आत उतरला, सारी बाग पायांखाली घातली आणि सहा वाजता गडी येताच त्यांना कामाला लावले. कारंजी सोडायला लावून तीही पाहिली. मग वाड्याच्या कारभारणीकडे न्याहारीस गेला. तेथे तिची भाची सेरा हिची व त्याची ओळख झाली आणि दुसऱ्या वर्षी दोघांचा विवाह झाला. ही सेरा हिशेबात अत्यंत चोख होती. पॅक्स्टन कामानिमित्त दूर गेला की बागेचा कारभार तीच पाही. पॅक्स्टनच्या कीर्तीत तिचा वाटा मोठा आहे, आणि चरित्रकारांनी तो याहून ठळकपणे सांगावयास हवा होता.

त्या काळी दूरदेशीची झाडे जमविण्याचा छंद युरोपातील श्रीमंतांना जडला होता. ड्यूकलाही तो जडला. १८३५ साली पॅक्स्टनने जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात पाठविले. गिब्सन कलकत्त्यास उतरून खासी टेकड्यांत चेरापुंजीपर्यंत गेला आणि १८३७ साली दुर्मिळ आमरी घेऊन परतला. बंद काचपेट्यांतील मातीत लावलेली ती रोपे समुद्रप्रवासातही टिकली. पण अशा मोहिमा नेहमीच सुखरूप पार पडत नसत. पुढे उत्तर अमेरिकेत पाठविलेले चॅट्सवर्थचे दोन तरुण माळी १८३८ साली कोलंबिया नदीत बुडून मरण पावले. सरदाराच्या बागेतील शोभेची खरी किंमत अशी कधी कधी गरिबांच्या घरी चुकती होत असे.

आणलेली झाडे ठेवावयाची कोठे? डर्बीशायरच्या डोंगराळ मुलखातील थंडी त्यांना एका रात्रीत मारून टाकील. त्यासाठी पॅक्स्टनने काचेची घरे बांधण्यास आरंभ केला. त्याचे पहिले मोठे यश आपल्या ओळखीचे आहे. मॉरिशस बेटाकडून आलेली एक ठेंगणी केळ त्याने ऊबदार घरात वाढविली. १८३५ च्या नोव्हेंबरात तिला केळफूल आले आणि पुढच्या उन्हाळ्याआधी शंभराहून अधिक केळी लागली. ड्यूकच्या घराण्याचे आडनाव कॅव्हेंडिश. तेच या केळीच्या गटाला मिळाले. जळगावकडे पिकणारी बसराई आणि ग्रँड नैन ही केळी याच कॅव्हेंडिश गटातील होत.

१८३६ ते १८४० या काळात त्याने चॅट्सवर्थला एक प्रचंड काचगृह उभारले. ते २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद आणि ६७ फूट उंच होते. आठ भट्ट्यांवर तापविलेले पाणी सुमारे सात मैल लांबीच्या नळांतून आत खेळत असे. कोळसा जमिनीखालील भुयारातून रुळांवरच्या गाड्यांनी येई आणि धूर दूरच्या टेकडीवरील धुराड्यातून बाहेर पडे. १८४३ च्या डिसेंबरात व्हिक्टोरिया राणी तेथे आली, तेव्हा तिची बग्गी या काचगृहातून आरपार नेण्यात आली. बाहेर इंग्लंडचा हिवाळा आणि आत केळी-ताडांची सावली!

पण पॅक्स्टनची खरी परीक्षा पुढेच होती. दक्षिण अमेरिकेतील उष्ण नद्यांत एक अवाढव्य कुमुदिनी वाढते. तिची पाने गोल परातीसारखी असून कडा वर वळलेल्या असतात. एकेक पान सहा-सात फुटांचेही होते. फूल सायंकाळी उमलते. पहिल्या रात्री ते शुभ्र असते, दुसऱ्या रात्री गुलाबी होते आणि मग पाण्याखाली जाते. १८३७ साली शोंबुर्क नावाच्या प्रवाशाला ती ब्रिटिश गियानातील नदीत दिसली. तिला राणीचे नाव मिळाले आणि इंग्लंडात ती फुलविण्याची चढाओढ लागली. मात्र तिचे बी एकदा सुकले की मरते. त्यामुळे पाठविलेले बी वारंवार वाया गेले. शेवटी कोणाला तरी ते स्वच्छ पाण्याने भरलेल्या कुप्यांतून पाठविण्याची युक्ती सुचली. १८४९ च्या आरंभी असे बी लंडनजवळच्या क्यू येथील सरकारी बागेत पोहोचले आणि रुजले.

त्यांतील एक रोप चॅट्सवर्थला मिळाले. ते क्यूहून आले तो दिवस ३ ऑगस्ट १८४९, म्हणजे पॅक्स्टनच्या वयाला शेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली तोच. रोपाला अवघी चार पाने होती, आणि सर्वांत मोठे पान सहा इंचांचेही नव्हते. पुढे थंडी यावयाची होती. आपल्या हाती फार तर तीन महिने आहेत, हे पॅक्स्टन जाणून होता.

आता त्याने काय केले ते नीट पाहा, कारण त्याचे सारे चातुर्य येथेच आहे. उष्ण प्रदेशातील झाड थंड देशात आणले की त्याला ऊब द्यावी, एवढे कोणालाही कळते. पॅक्स्टनने त्यापुढे विचार केला. ही वनस्पती आपल्या घरी कशी राहत असेल? पहिली गोष्ट म्हणजे, नुसती हवा ऊबदार ठेवून भागत नाही. मुळे चिखलात आणि पाने पाण्यावर असल्याने पाणी आणि माती दोन्ही ऊबदार हवीत. म्हणून त्याने बारा फूट लांबी-रुंदीचा हौद करवून त्यात मातीचा ढीग रचला, गरम पाण्याचे नळ आणून सोडले आणि हौदातील पाणी सुमारे तीस अंश उष्णतेवर ठेवले. दुसरी गोष्ट, ही नदीतील वनस्पती आहे. साचलेले पाणी शेवाळते व कुजते, तिला हलते पाणी हवे. यासाठी त्याने हौदात लहान लहान पाणचक्क्या बसविल्या. त्या पाणी संथपणे घुसळीत राहत. तिसरी गोष्ट उजेडाची. थंडीतील सूर्य इंग्लंडात फार खाली राहतो, आणि चॅट्सवर्थचा डिसेंबरातील दिवस तर आठ तासांचाही नसतो. उजेड हा कोळसा जाळून मिळत नाही. तेव्हा वरचे छप्पर काचेचे आणि काच स्वच्छ हवी. नाशिकला आपल्या घरात कुंडीतील कमळ थंडीत ठेवताना याच तीन गोष्टी पाहाव्या लागतात. फरक एवढाच, की आपल्याकडे उजेडाची ददात नाही.

रोप झपाट्याने वाढू लागले. हौद अपुरा पडला म्हणून मोठा करावा लागला. नोव्हेंबरात पाने जवळजवळ पाच फुटांची झाली होती. त्याच महिन्याच्या आरंभी पाण्यावर कळीने डोके काढले आणि ८ नोव्हेंबरच्या सुमारास ब्रिटनमधील त्या जातीचे पहिले फूल उमलले. क्यूच्या बागेत जी वेल होती, तिला फुलण्यास पुढचे वर्ष उजाडावे लागले. पॅक्स्टन स्वतः एक कळी आणि एक पान घेऊन राणीच्या भेटीस गेला.

पानाची बळकटीही त्याला पाहावयाची होती. त्याची सात-आठ वर्षांची मुलगी ॲनी हिला त्याने एका पानावर उभे केले. पान बुडाले नाही. त्याचे चित्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आणि ॲनी देशभर माहीत झाली. पान उलटे करून पाहिले तेव्हा रहस्य उघडले. मधोमध निघालेल्या जाड शिरा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे कडेकडे पसरल्या होत्या, त्यांना आडव्या पातळ शिरांनी जोडलेले होते, आणि त्या साऱ्या आतून हवेने भरलेल्या होत्या.

या वेलीसाठी त्याने १८५० साली तेहेतीस फूट व्यासाचा गोल हौद असलेले नवे काचगृह बांधले. त्याच वर्षी लंडनमध्ये भरावयाच्या जागतिक प्रदर्शनासाठी इमारतीचा शोध चालू होता. आलेले सुमारे अडीचशे आराखडे पसंत पडले नव्हते. जून महिन्यात रेल्वेच्या एका बैठकीत बसल्या बसल्या पॅक्स्टनने टीपकागदावर काचेच्या राजवाड्याचे चित्र रेखाटले. थोड्याच दिवसांत त्याने पुरा आराखडा सिद्ध केला आणि तो मान्य झाला. हाच तो क्रिस्टल पॅलेस. तो १८४८ फूट लांब होता. हाइड पार्कमधील उंच वृक्ष न तोडता आतच ठेवले होते. १ मे १८५१ रोजी प्रदर्शन उघडले, आणि ते संपेपर्यंत साठ लाखांच्या घरात लोक तेथे येऊन गेले. ही कल्पना कुमुदिनीच्या पानाने दिली, असे नेहमी सांगतात. गोष्ट मोठी गोड आहे, पण ती अर्धीच खरी मानावी. पन्हाळीसारखी घड्या घातलेली काचेची छपरे पॅक्स्टन त्याआधी कितीतरी वर्षे बांधीत होता. पानाच्या शिरांनी त्याच्या विचाराला बळ दिले, एवढे खरे.

त्याच वर्षी राणीने त्याला सर ही पदवी दिली. १८५४ पासून अखेरपर्यंत तो पार्लमेंटचा सभासद होता. प्रदर्शन संपल्यावर काचेचा राजवाडा उचलून सिडनहॅम येथे नेला गेला, आणि तेथेच ८ जून १८६५ रोजी पॅक्स्टन वारला. त्याचा देह मात्र चॅट्सवर्थच्या परिसरात पुरण्यात आला. क्रिस्टल पॅलेस १९३६ साली आगीत भस्मसात झाला.

चॅट्सवर्थच्या त्या प्रचंड काचगृहाचे पुढे काय झाले? पॅक्स्टन गेल्यावरही ते अर्धशतक उभे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा मिळेनासा झाला. आठ भट्ट्या थंड पडल्या, नळांतील पाणी गार झाले, आणि दूरदेशांहून आणून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली झाडे हिवाळ्यातील थंडीने मरून गेली. रिकामे काचगृह पुन्हा तापविण्याचा खर्च पेलण्याजोगा राहिला नव्हता. १९२० साली सुरुंग लावून ते पाडण्यात आले. त्याच्या पायाच्या दगडी भिंती तेवढ्या उरल्या आहेत, आणि त्यांच्या आत झुडपांचा एक हिरवा भुलभुलैया लावलेला आहे. त्या झुडपांना उघड्यावरची थंडी सोसते.